‘आपण’ची लागण

कंडक्टरबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि कोणीतरी त्यांच्या गालावरून कोरडा स्पंज फिरवत होतं. पाणी नव्हतंच. केंद्रात सरावाच्या तासाला पाणी वापरायची मनाई होती, कारण गादी भिजली की लवकर वाळत नसे. स्पंजवाली मुलगी लाडिक आवाज काढून म्हणाली, "आपण आता छान तोंड धुवूया हं, आजी."

बाईंनी एक डोळा उघडला. "माझं तोंड मी सकाळीच धुतलंय. तुझं राहिलं असेल तर तू धू."

बाकीचे शिकाऊ फिदीफिदी हसले. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडमनी अजिबात न रागावता सगळ्यांना सांगितलं की आजी आज जरा चिडचिड करतायत, आणि चिडचिड हे वार्धक्याचं एक सर्वसाधारण लक्षण आहे, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. बाईंनी डोळा पुन्हा मिटून घेतला.

त्या कुणाच्याही आजी नव्हत्या. लग्नच केलेलं नव्हतं, तर नातवंडं कुठून येणार? उभी हयात त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवली होती आणि सत्तरी ओलांडली तरी आवाज अजून तसाच होता. त्या आवाजानं शेवटच्या बाकावर घोरणारा माणूस नेमका आपल्या थांब्याला खडबडून जागा व्हायचा. केंद्रात आल्या त्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं होतं की मला बाई म्हणा, नाहीतर सरळ कंडक्टर म्हणा. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं की आजी म्हटलं की कशी आपुलकी वाटते. कुणाला वाटते, असं बाईंनी विचारलं. त्यावर मॅडम नुसत्या हसल्या आणि बाई त्या क्षणापासून सगळ्यांच्या आजी झाल्या.

ज्येष्ठांची काळजी घेणारी माणसं तयार करायचं हे केंद्र एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात अजून पॉलिशचा वास यायचा आणि वर गेलं की फिनेलचा. हॉलमध्ये दांडा फिरवून वरखाली होणारी खाट, एक कुरकुरणारी चाकाची खुर्ची आणि प्लॅस्टिकची एक म्हातारी बाहुली एवढं सामान होतं. बाहुली इतकी हलकी की कुणीही एका हातानं उचलून बाजूला ठेवावी. तिच्यावर सराव करून गेलेल्या आधीच्या तुकडीतल्या एकानं खऱ्या म्हाताऱ्याला तसंच उचलायला जाऊन त्याचा खांदा निखळवला होता म्हणे. म्हणून मग केंद्राला खरं वजन, खरे सांधे आणि खरी कुरकुर असलेलं एक माणूस हवं होतं. जे कुणी आपलं अंग असं सरावाला देईल, त्याला तयार झालेल्या माणसांतून पहिल्यांदा निवड करायला मिळणार होती.

बाई आल्या होत्या त्या निवडीसाठी. त्यांना आपल्या धाकट्या भावासाठी माणूस हवा होता.

भाऊ घड्याळजी होता. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि मग बहीणभाऊ एकाच घरात राहू लागले. दिवसभर डोळ्याला भिंग लावून तो चाकं आणि स्प्रिंगा जुळवत बसायचा आणि संध्याकाळी दोघं कडाकडा भांडून जेवायचे. त्यांना भांडल्याशिवाय घास उतरत नसे. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भाषेतून त्याच्याकडे एकच शब्द उरला, तो म्हणजे ‘बास’. पाणी हवं असलं तरी बास, पंखा नको असला तरी बास, डॉक्टर आले तरी बास आणि गेले तरी बास. चेहरा बघून अर्थ लावायचा. बाई तो बिनचूक लावायच्या, निदान त्यांना तसं वाटायचं.

त्याला उठवणं, बसवणं, आंघोळ घालणं, सगळं त्यांनी एकटीनं केलं. शेवटी कंबरेनं दगा दिला आणि डॉक्टरांनी बजावलं की आता त्याला उचलायला जाल तर शेजारी तुमचीही खाट टाकावी लागेल. म्हणून त्या केंद्रात येऊन पडू लागल्या. बाजारात भोपळा दाबून घ्यावा तसे त्या एकेक हात स्वतःच्या अंगावर पारखून घेत होत्या. कुणाचे हात बर्फासारखे गार, कुणाची नखं वाढलेली, कुणी काखेत हात घालून असं ओढायचं की जीव कळवळावा.

हे चालू असतानाच घरी वेगळंच लचांड उभं राहिलं. भावानं जेवण सोडलं. आधी वाटीभर सूप आणि वर कुस्करलेला भात निमूट खाणारा हा माणूस आता एक चमचा, फार तर दोन चमचे तोंडात घ्यायचा आणि म्हणायचा, "बास." पोट भरलं नसणार हे दिसत होतं. गळ्याची हाडं वर आली. आपण रोज त्याला शेजारणीच्या भरवशावर टाकून जातो म्हणून रुसलाय, असं बाईंनी ठरवून टाकलं. डॉक्टरांनी मात्र रुसवाफुगवा काही ऐकला नाही. पुढच्या तपासणीला वजन असंच घसरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालायची, असं त्यांनी सांगितलं. नळी उपसून काढू नये म्हणून मग चांगला असलेला डावा हातही खाटेला बांधतात, हे बाईंनी केंद्रातच ऐकलं होतं. ज्याला मनगटावरचा सैल पट्टासुद्धा सहन होत नसे, त्याचा हात बांधायचा.

आता त्या ‘आपण’चं सांगायला हवं. हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक पाटी होती, ‘ज्येष्ठांशी बोलताना नेहमी ‘आपण’ म्हणा.’ ज्यानं कुणी हे मूळ पुस्तिकेत लिहिलं असेल तो जुन्या वळणाचा, अदबशीर माणूस असणार. आपण बसावं, आपण कसे आहात, आपली प्रकृती काय म्हणते, असं बोला, एवढंच बिचाऱ्याला सांगायचं असणार. पण या पोरांच्या कानाला ते ‘आपण’ ठाऊकच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते तान्ह्या बाळाला दूध पाजतानाचं. मग सुरू झालं, आपण कूस बदलूया, आपण गोळी गिळूया, आपण आता शू करूया हं. एकाच शब्दात वाकून केलेला नमस्कार होता आणि बोळ्यानं दूध पाजणंही होतं. या शहाण्यांनी नेमका बोळा उचलला, आणि मॅडमना ते पुस्तिकेपेक्षाही गोड वाटलं.

बाईंनी एकदा समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या की मी इतकी वर्षं माणसांना बसमधून उतरवलं, पण एकालाही ‘आपण उतरूया’ असं म्हटलं नाही. उतरायचं त्याला होतं, मी कशाला उतरू? तसंच शू मला करायची असेल तर मी करेन, तुम्ही त्यात कुठे येता? मॅडमनी मान डोलावली. शब्दांत काय आहे आजी, भावना महत्त्वाची, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भावासाठी म्हणून त्या मूग गिळून गप्प बसल्या.

गप्प बसून काय काय बघावं लागलं! एका दुपारी तरुण डॉक्टर आणि कचेऱ्यांतले लोक ‘वार्धक्याचा प्रत्यक्ष अनुभव’ घ्यायला आले. गुडघ्यांना वाळूच्या पिशव्या, कानात कापूस, डोळ्यांवर व्हॅसलीन फासलेले चष्मे. तेवढ्यावर ती मंडळी म्हातारी झाली. हॉलभर धडपडली, खिदळली, एकमेकांचे फोटो काढले. एकानं तर मुद्दाम कापरा आवाज लावून सगळ्यांना आशीर्वाद दिले. बाईंच्या खाटेपाशी टेकून दुसरा आपल्या मित्राला सांगत होता की हे असं होण्यापेक्षा मेलेलं बरं. बाईंच्या छातीवरून पलीकडे बघत तो हे बोलला, खाली सोफा असल्यासारखं. मग पिशव्या सोडल्या, चष्मे पुसले, प्रमाणपत्रं घेतली, कॉफी आणि सँडविच खाल्लं आणि दोन दोन पायऱ्या उड्या मारत सगळे उतरून गेले. फरशीवर ब्रेडचे तुकडे आणि कापसाचे पिवळे बोळे पडले होते. बाईंना त्या बोळ्यांची आली नाही एवढी त्या माणसांची किळस आली.

खुद्द म्हाताऱ्यांसाठीचा ‘आनंदी वार्धक्य’ वर्ग आठवड्यातून एकदा असायचा. त्यात सगळ्यांना गोल बसवून हा हा हा असं हसायला लावत, मग रंगवायला कागद देत. तिथे एक निवृत्त न्यायाधीश यायचे. ज्या माणसासमोर भले भले वकील घाम पुसत उभे राहिले असतील, त्याच्या हातात पिवळा खडू आणि समोर बदक. त्यांनी ते रेघेबाहेर न जाता रंगवलं. मॅडम म्हणाल्या, शाब्बास, किती छान रंगवलं आपण! न्यायाधीशांनी खाली बघून मान हलवली. त्यांनी बदक फेकून दिलं असतं तर बाईंनी उठून त्यांचे पाय धरले असते. जिन्यात त्यांना गाठून बाईंनी विचारलं की तुम्ही हे का सहन करता. ते म्हणाले की सून आणून सोडते, तिला तेवढंच दोन तास घर मोकळं मिळतं.

शेवटी बाईंनी निवड केली ती ‘पहिल्या नंबरा’ची. सगळ्या परीक्षांत तोच पुढे असल्यामुळे त्याला सगळे याच नावानं हाक मारत. तिशीतला गडी होता, आधी कुठल्याशा गोदामात काम केलेला. हात ऊबदार आणि ठाम. त्यानं खाटेवरून खुर्चीत बसवलं तेव्हा बाईंच्या दुखऱ्या कंबरेला कळलंसुद्धा नाही. पण जिभेवर साखरेचा पाक नुसता ठिबकत होता. जीभ काय, घरी आणून सरळ करू, असा हिशेब करून बाईंनी नाव सांगून टाकलं. त्याची शेवटची परीक्षाही त्यांच्याच घरी, भावाला जेवू घालण्याची ठरली.

ठरलेल्या दिवशी मॅडम आणि पहिला नंबर आले तेव्हा बाई स्वयंपाकघरातून सूपची वाटी घेऊन बाहेर येत होत्या. पुढच्या खोलीत भाऊ खिडकीशी खुर्चीत बसलेला. त्याच्या कामाचं टेबल अजून तिथेच होतं, भिंग, चिमटे, उघडं पडलेलं एक घड्याळ, सगळं जसंच्या तसं. बाईंनी पाहुण्यांना बसायला सांगितलं, भावाच्या गळ्याशी टॉवेल खोचला, उशी सारखी करत त्याला दोन शब्द सांगितले आणि वाटी पहिल्या नंबराच्या हातात देऊन बाजूला सरकल्या. तपासणी दोन दिवसांवर आली होती.

पहिल्या नंबरानं सगळं शिस्तीत केलं. स्टूल ओढून डोळ्यांच्या पातळीला बसला. चांगल्या, डाव्या बाजूनं चमचा पुढे आणला. मग मान जराशी वाकडी करून गोड हसला आणि म्हणाला, "चला बाबा, आपण आता सूप पिऊया हं."

"बास," भाऊ म्हणाला.

चमचा अजून त्याच्या ओठांपासून वीतभर लांब होता. घास सोडा, थेंब पोटात गेला नव्हता. बास पोटाला नव्हतंच. बास त्या शब्दाला होतं. सगळ्या बोलण्याला कंटाळलेल्या माणसानं आपल्या एकुलत्या एका शब्दानं ‘पुरे करा’ एवढंच सांगितलं होतं, आणि त्या आत्तापर्यंत चमचे मोजत बसल्या होत्या.

मग त्यांचा तोल सुटला. त्या पहिल्या नंबरावर अशा कडाडल्या की खिडकीची काच थरथरली असेल. तो साठी ओलांडलेला माणूस आहे, कुकुलं बाळ नाही. माझ्या घरात, माझ्या भावाशी हे असलं गिळगिळीत बोलायला तुला सांगितलं कुणी?

पहिला नंबर घाबरला नाही. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. तो म्हणाला, "आजी, आत्ता तुम्हीच नाही का बोललात? टॉवेल लावताना. ‘आपण आता शहाण्यासारखं सगळं संपवूया हं,’ असं. मला वाटलं, यांना तसंच आवडतं."

बाईंना हे नाकबूल करता येईना. कारण तो खरं बोलत होता. त्यांना स्वतःचा आवाज आठवला, वर टॉवेलवर मारलेली चापटीसुद्धा. कालही त्या हेच बोलल्या होत्या. परवाही. उवांचं घर असलेल्या पोरीशेजारी बसून यावं आणि आपल्याच डोक्यात खाज सुटावी, तसा तो शब्द त्या खाटेवरून त्यांच्याबरोबर घरी आला होता. भावानं जेवण सोडलं ते त्या केंद्रात जाऊ लागल्यापासून. रुसवा नव्हता, आजार नव्हता. बाहेर दुसऱ्यांच्या तोंडून ज्या बोलण्याची शिसारी यायची, तेच बोलणं त्या रोज चमच्यातून त्याच्या तोंडात कोंबत होत्या, आणि तो रोज बास म्हणत होता. इतके दिवस किळस करायला मॅडम होत्या, ती पोरं होती, ते डॉक्टर होते. आता स्वतःच्या जिभेचं काय करायचं हे त्यांना कळेना. ती धुवून निघण्यासारखी असती तर त्यांनी मोरीत बसून घासली असती.

मॅडमना मात्र कौतुकाचं भरतं आलं. त्या म्हणाल्या की आजी म्हणजे आमच्या सगळ्यात गुणी विद्यार्थिनी, नुसतं पडल्या पडल्या सगळं शिकल्या. हे जगातलं सगळ्यात घाणेरडं बक्षीस होतं आणि ते बाईंना उभ्या उभ्या घ्यावं लागलं.

त्यांनी पहिल्या नंबराच्या हातातून वाटी काढून घेतली, त्याला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः भावासमोर बसल्या. त्यानं तोंड घट्ट मिटलेलं. खिडकीबाहेर बघत होता. बाईंनी चमचा भरला आणि काय भयंकर, जिभेवर पुन्हा तेच आलं. घशाशी आलेला बेडका गिळावा तसं त्यांनी ते ‘आपण’ गिळलं. मग त्यांनी घसा खाकरला. समोर तो होता, ज्याच्याशी त्या जन्मभर भांडून जेवल्या होत्या.

"ए मेल्या," त्या आपल्या जुन्या, बसमधल्या आवाजात म्हणाल्या. "गिळ मुकाट्यानं. गार झालं तर पुन्हा गरम करायला मी तुझी मोलकरीण नाही."

मॅडमच्या तोंडून हलकंसं ‘अगंबाई’ निघालं. भावाची मान सावकाश वळली. त्यानं बहिणीकडे नीट, खालून वरपर्यंत बघितलं, बंद पडलेलं घड्याळ हातात आल्यावर बघायचा तसं. मग तोंडाची डावी बाजू, जी अजून त्याची होती, तेवढीच वाकडी हसली. त्यानं तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. अर्धा हनुवटीवरून ओघळला. सांडू नकोस, टॉवेल मला धुवावा लागतो, असं बाईंनी खेकसून सांगितलं. दुसरा गेला. दुसऱ्यानंतर त्यांचा हात जरा अडखळला, कारण बास इथेच यायचं. आलं नाही. मग त्यांनी त्याला त्याच्या लहानपणापासूनच्या सगळ्या भानगडी ऐकवल्या. भिंतीवरचं घड्याळ खोलून पुन्हा जोडता आलं नाही म्हणून चाकं तांदळाच्या डब्यात लपवली होतीस, विसरलास काय? नाव माझ्यावर आलं, मार मी खाल्ला. भाऊ गिळत होता, ऐकत होता, आणि मधेच नाकातून हसण्यासारखा आवाज काढत होता. मॅडम आपल्या वहीत ‘घरातील तणावपूर्ण संवाद’ असं काहीतरी लिहून घेत होत्या. लिहू देत. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला बाईंचा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

मागे वळून न बघता त्यांनी पहिल्या नंबराला सांगितलं, "उद्या सकाळी कामाला ये. हात घेऊन ये. तो शब्द तिथे भिंतीवर ठेवून ये. आणि यांना बाबा म्हणू नकोस, त्यांना मूल नाही. घड्याळजी म्हण."

चमचा वाटीच्या तळाला खरवडत फिरला. शेवटचं जे काही निघालं ते बाईंनी त्याच्या तोंडात घातलं. त्यानं ते सावकाश गिळलं, रिकाम्या वाटीत डोकावून खात्री करून घेतली आणि मगच म्हणाला, "बास."